दमेकरी विद्यार्थी आणि श्वासाचा पंप

नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांत हवा एकसारखी नाही. इगतपुरी-त्र्यंबकेश्वराकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते व त्या ओलीवर बुरशी धरते. निफाडात थंडीच्या दिवसांत पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली उतरतो. दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात छाटणी झाली की औषधांच्या फवारण्या व गंधकाची धुरळणी सुरू होते. लासलगाव-चांदवडकडे कांद्याच्या चाळींतून सुकी पापुद्री आणि काळी बुरशी उडते. मालेगावात यंत्रमागाचे तंतू, सिन्नरकडे घरोघरी वळल्या जाणाऱ्या विडीची तंबाखू, पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर चुलीचा धूर. एवढी विविधता असूनही या सर्व ठिकाणच्या प्राथमिक शाळांत एक प्रकारचे मूल बहुधा भेटतेच. ते धावण्याच्या शर्यतीत मागे राहते, रात्री खोकल्याने जागते म्हणून सकाळी वर्गात पेंगते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी व थंडीत त्याची हजेरी तुटक होते. शिक्षक त्यास आळशी समजतो. पालक ‘त्याला जरा धाप लागते’ एवढेच सांगतात. त्याच्या दप्तराच्या तळाशी मात्र फडक्यात गुंडाळलेला एक छोटा पंप असतो, आणि तो कोणास दिसू नये अशी घरातून ताकीद असते.

२०१९ सालच्या जागतिक आजारभार अभ्यासानुसार भारतात सुमारे साडेतीन कोटी दमेकरी आहेत. जगातील एकूण दमेकऱ्यांशी हे प्रमाण साधारण १३ टक्के पडते. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात घडतात. रोग येथे विशेष जहाल आहे असे नव्हे. औषध वेळेवर न घेणे, चुकीच्या रीतीने घेणे आणि लपवून ठेवणे ही या तफावतीमागची मोठी कारणे होत. यांपैकी दुसऱ्या व तिसऱ्या बाबतीत प्राथमिक शिक्षक पुष्कळ काही करू शकतो.

रोग कसा असतो

‘दमा’ हा शब्द फारसीतून आला. तेथे ‘दम’ म्हणजे श्वास. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांतील ‘तमक श्वास’ आजच्या दम्याशी बराचसा जुळतो. म्हणजे व्याधी जुनीच आहे; तिचे स्वरूप नेमके कळले ते मात्र अलीकडे. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या दमेकऱ्याच्या बाबतीत सदैव किंचित सुजलेल्या व हळव्या असतात. धूळ, धूर, परागकण, थंड हवा, सर्दी-पडसे किंवा जोराची धावपळ यांपैकी काही निमित्त झाले की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतील अस्तर आणखी सुजते व चिकट कफ साठतो. वाट अरुंद झाल्यामुळे हवा जाताना-येताना शिटीसारखा आवाज होतो. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर टाकताना अधिक कष्ट पडतात, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. दमा संसर्गजन्य नाही. दमेकरी मुलाशेजारी बसल्याने किंवा त्याच्या भांड्यातील पाणी प्याल्याने तो कोणास होत नाही.

वर्गास हे समजावून देण्यासाठी शीतपेयाच्या नळ्या पुरतात. निरोगी मुलांनी नाक चिमटीत धरून अर्धा मिनिट केवळ नळीतून श्वास घ्यावा. ज्या मुलास दमा आहे त्याला या प्रयोगात घेऊ नये. त्याचा अनुभव त्यास पुरेसा आहे. अर्ध्या मिनिटातच मुले नळी टाकून मोठ्याने श्वास घेऊ लागतात, आणि इतके दिवस चेष्टेचा विषय झालेल्या सोबत्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहतात. पाठाचे निम्मे काम येथेच होते.

पंपाची कुळकथा

पंपाचा जन्म एका शाळकरी मुलीच्या प्रश्नातून झाला. अमेरिकेतील रायकर प्रयोगशाळेचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या कन्येस दमा होता. त्या काळी औषध काचेच्या कुपीत घालून रबरी फुगा दाबून ओढावे लागे. कुपी फुटे, औषध सांडे, मात्रा कमी-अधिक होई. केसांवर मारण्याच्या फवाऱ्यासारखे आपले औषध डब्यात का भरता येत नाही, असे तिने १९५५ साली वडिलांना विचारले. पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. मुलांच्या प्रश्नांना ‘गप्प बैस’ म्हणणाऱ्यांनी ही हकीकत ध्यानी ठेवावी.

आरंभीच्या पंपांतील औषधे हृदयाचीही गती वाढवीत. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आदी देशांत दम्याचे मृत्यू एकाएकी वाढले, त्याचा संबंध आयसोप्रिनॅलीन या औषधाच्या तीव्र मात्रेच्या पंपांशी जोडला गेला. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल आले. ते मुख्यतः श्वासनलिकांवर काम करते. १९७२ मध्ये सूज कमी करणाऱ्या औषधाचा पंपही उपलब्ध झाला. आज सर्वत्र दिसणाऱ्या दोन जातींच्या पंपांचे मूळ हे असे आहे.

दोन पंप, दोन कामे

पहिला पंप आराम देणारा. तो आवळलेले स्नायू सैल करतो. साधारण ५ मिनिटांत गुण दिसू लागतो व तो सुमारे चार तास टिकतो. दुसरा प्रतिबंधक. तो सूज हळूहळू उतरवितो, म्हणून रोज घ्यावा लागतो, आणि धाप लागलेल्या घटकेस त्यातील केवळ सूज उतरविणाऱ्या औषधाचा तत्काळ उपयोग होत नाही. गावोगावी घोटाळा होतो तो येथे. आरामाचा पंप लगेच गुण देतो म्हणून तो ‘खरा’ वाटतो. प्रतिबंधक पंपाचा परिणाम दिसत नाही म्हणून तो महिन्याभरात कोनाड्यात पडतो. वस्तुतः आरामाच्या पंपाची गरज आठवड्यात दोनपेक्षा अधिक दिवस लागू लागली, तर दमा ताब्यात नाही असे समजून डॉक्टरांकडे जावे. वर्षात आरामाचे तीन किंवा अधिक पंप संपविणाऱ्या रुग्णास तीव्र झटक्याचा धोका वाढतो. दरमहा एक संपत असेल तर प्राणाशीच गाठ असते. २०१९ पासून दम्याविषयीची जागतिक मार्गदर्शिका मोठ्या मुलांना व प्रौढांना केवळ आरामाच्या पंपावर ठेवू नये असे सांगत आली आहे, आणि काही रुग्णांना दोन्ही औषधे एकाच पंपातून दिली जातात. सबब पंपाच्या रंगावर भिस्त ठेवू नये. त्यावरील औषधाचे नाव वाचावे व डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहावे.

‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’, ही वाक्ये प्रत्येक शिक्षकाने ऐकली असतील. कित्येकांनी उच्चारलीही असतील. त्यांना उत्तर गणिताच्या तासाला देता येते. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात बहुधा १०० मायक्रोग्रॅम औषध असते. त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे २,००० मायक्रोग्रॅमची. तर एका गोळीत किती फवारे? वीस. गोळी पोटात जाऊन रक्तावाटे सर्वांगात फिरते आणि हात कापणे, छाती धडधडणे हे त्रास अधिक देते. फवारा थेट नळ्यांत उतरतो. गोळी ‘सौम्य’ आणि पंप ‘जहाल’ हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. प्रतिबंधक औषधातील स्टेरॉइडचीही मात्रा अशीच अल्प असते. त्याने काही मुलांची उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी राहू शकते, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु सतत धाप लागणाऱ्या, झोप न मिळणाऱ्या मुलाची वाढ त्याहून कितीतरी अधिक खुंटते.

मुलीच्या बाबतीत प्रश्न आणखी नाजूक होतो. इयत्ता चौथीतील मुलीच्या लग्नाची काळजी आजच करणारी आई ‘पंपाची बोलवा होईल’ म्हणून तो शाळेत नेऊ देत नाही. अशा आईशी भांडू नये. पंप शाळेत शिक्षकाजवळ राहील, त्याची वाच्यता होणार नाही, एवढा विश्वास दिला तर ती बहुधा ऐकते. श्रद्धेच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचे औषध घेण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. मृगाच्या सुमारास हैदराबादला जाऊन जिवंत माशाबरोबर औषध गिळणारेही आहेत. खीर खावी की न खावी हा वाद शिक्षकाचा नव्हे. खिरीनंतर पंप बंद करू नये, हे मात्र त्याने निक्षून सांगावे.

पंप घेण्याची रीत

पंप हाती असूनही गुण येत नाही, याचे सर्वांत सामान्य कारण चुकीची रीत हे होय. औषध जिभेवर व टाळूवर बसते आणि गिळले जाते. म्हणून ही कृती शिक्षकाने प्रथम स्वतः रिकाम्या पंपावर, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर किंवा परिचारिका यांच्यासमोर शिकून घ्यावी.

प्रथम टोपण काढून तोंडाच्या भागात डोकवावे. दप्तरात पडलेल्या पंपात पेन्सिलीचा तुकडा, मणी किंवा शेंगदाण्याचे टरफल शिरलेले असू शकते व फवाऱ्याबरोबर ते थेट घशात जाते. पंप नवा असेल किंवा काही दिवस वापरात नसेल, तर हवेत दोन-चार फवारे सोडून द्यावे. नंतर तो चांगला हलवावा. मुलाने ताठ बसून किंवा उभे राहून श्वास सावकाश बाहेर सोडावा, पंपाचे तोंड दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावे, श्वास आत घेण्यास आरंभ करताच डबी एकदा दाबावी आणि तसाच सावकाश, खोल श्वास चालू ठेवावा. मग मनात दहा अंक मोजेपर्यंत श्वास रोखावा. दुसरा फवारा घ्यावयाचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पुन्हा हलवून घ्यावा. प्रतिबंधक औषधानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. अन्यथा तोंडात पांढरी बुरशी येते व आवाज बसतो.

दाबणे आणि ओढणे यांचा मेळ लहान मुलांस साधत नाही, मोठ्यांसही क्वचितच साधतो. यासाठी स्पेसर नावाची पोकळ नळी पंपास जोडतात. फवारा तिच्यात थांबतो व मूल पाच-सहा साधे श्वास घेऊन तो ओढून घेते. एका वेळी एकच फवारा सोडावा. दोन-तीन एकदम सोडल्यास औषध नळीच्या भिंतीला चिकटते. फार लहान मुलासाठी तोंड-नाक झाकणारा मुखवटा लावावा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा, फडक्याने न पुसता वाऱ्यावर वाळू द्यावा. पुसल्याने स्थिरविद्युत निर्माण होते आणि औषध आतच धरून ठेवले जाते.

स्पेसर नसल्यास काय? दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे हेदर झार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०० मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली यासाठी वापरून पाहिली. तळाशी पंपाचे तोंड घट्ट बसेल एवढे भोक, सांधा नीट बंद केलेला, आणि बाटलीचे तोंड मुलाच्या तोंडात. ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली, असे त्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. हस्तव्यवसायाच्या तासाला अशी एक बाटली करून, धुऊन, वाळवून शाळेत ठेवण्यास खर्च जवळजवळ काहीच नाही. खेडोपाडी मात्र भुकटीच्या कॅप्सूलचे उपकरणही पुष्कळ दिसते. त्यात कॅप्सूल फोडून भुकटी ओढावयाची असते, आणि येथे श्वास जोरात व वेगाने घ्यावा लागतो. म्हणजे फवाऱ्याच्या पंपाच्या नेमका उलट. उपकरणात उच्छ्वास सोडू नये, दमटपणाने भुकटीच्या गुठळ्या होतात. काही घरांत ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली जाते आणि ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार होते. मुलाने औषध कसे घेतले, हे एकदा डोळ्यांनी पाहिल्याविना शिक्षकाने समाधान मानू नये.

पंप संपला की नाही हे हलवून कळत नाही. मोजलेली मात्रा संपल्यावरही नुसता वायू फवारत राहतो. डबी पाण्यात तरंगवून पाहण्याची युक्तीही भरवशाची नाही. आकडा दाखविणारा पंप असल्यास ठीक, नाहीतर हिशेब करावा. २०० फवाऱ्यांचा प्रतिबंधक पंप सकाळ-संध्याकाळ एकेक फवारा घेतल्यास १०० दिवस पुरतो. १५ जूनला सुरू केला तर तो कोणत्या तारखेस संपेल? २२ सप्टेंबरला. असे उदाहरण मुलाकडूनच सोडवून घेऊन उत्तर डबीवर चिकटपट्टीने लिहून ठेवावे. पंप उन्हात, चुलीजवळ किंवा बंद मोटारीत ठेवू नये. ३० अंशांच्या आतील कोरडी जागा बरी. रिकामी डबीदेखील शेकोटीत टाकल्यास फुटते.

शाळेत धाप लागल्यास

मधल्या सुट्टीनंतर एक मूल बाकावर वाकून बसले आहे, खांदे वर-खाली होत आहेत, असे समजावे. त्यास निजवू नये. ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे, गळ्याशी घट्ट कपडे असल्यास सैल करावे, भोवतालची गर्दी दूर करावी आणि एका शिक्षकाने शेवटपर्यंत त्याच्याजवळ थांबावे. डॉक्टरांनी लेखी कृती दिली असेल तर ती पाळावी. नसेल तर ऑस्ट्रेलियात शाळांतून शिकविला जाणारा चारांचा नियम सोपा आहे: मुलाच्या आरामाच्या साल्ब्युटामॉल पंपातून स्पेसरद्वारा ४ फवारे, एकेक करून, प्रत्येकास ४ श्वास, मग ४ मिनिटे थांबणे. गुण नसेल तर पुन्हा तसेच ४. तरीही धाप कमी नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत दर ४ मिनिटांनी ४ फवारे देत राहावे. सुरगाणा-पेठच्या घाटवाटांनी रुग्णवाहिकेस वेळ लागू शकतो, म्हणून हे शेवटचे वाक्य विशेष महत्त्वाचे.

मूल सलग वाक्य बोलू शकत नसेल, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर पडले असतील किंवा ते गुंगीत जात असेल, तर वाट न पाहता आरंभीच १०८ ला कळवावे. छातीतील घरघर एकाएकी थांबली आणि मूल मात्र थकत चालले, तर ते बरे झाले असे मुळीच समजू नये. हवाच आत-बाहेर होत नसल्यामुळे आवाज बंद पडतो, आणि ही सर्वांत भयंकर अवस्था होय. ज्या मुलास कोणी पंप लिहून दिलेला नाही, त्यास दुसऱ्याचा पंप स्वतःच्या बुद्धीने देऊ नये. १०८ वरील डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रास दूरध्वनीवर विचारून ते सांगतील तसे करावे.

या सर्वांस उपयोग तेव्हा, जेव्हा पंप हाताशी असेल. बहुतेक शाळांत मौल्यवान वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवण्याची चांगली रीत आहे. पंपाच्या बाबतीत ती घातक ठरते. धाप लागते त्याच दिवशी मुख्याध्यापक तालुक्याच्या बैठकीस गेलेले असतात आणि किल्ली त्यांच्या खिशात असते. आश्रमशाळेत रात्रीचा प्रश्न याहून बिकट, कारण दमा पहाटे उसळतो. पंप वसतिगृहातील अधीक्षकाच्या उशाशी, खोलीचे दार न लावता ठेवावा, किंवा मूल समजूतदार असेल तर त्याच्याजवळच असू द्यावा. मुलाचे नाव, औषधाचे नाव, फवाऱ्यांची संख्या, कशाने त्रास होतो, पालकांचा व डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक हे एका कागदावर लिहून पालकांच्या संमतीच्या सहीसह हजेरीपटाच्या आतील बाजूस चिकटवावे. भिंतीवर लावू नये. ज्यांचे निदानच झालेले नाही अशा मुलांची नावे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल त्या दिवसासाठी टिपून ठेवावी. पथक आले की ऐनवेळी कोणाचे नाव आठवत नाही.

शाळेतील धूळही शिक्षकाच्या ताब्यात आहे. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे, आणि झाडण्याच्या कामातून दमेकरी मुलास वगळावे. फळा ओल्या फडक्याने पुसावा. पोषण आहाराची चूल वर्गाच्या वाऱ्याच्या दिशेस नसावी. पटांगणाच्या कडेचे गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच, हातमोजे घालून, मोठ्या माणसांकडून उपटून घ्यावे. शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी असेल त्या दिवशी कवायत आत घ्यावी. बागाईतदारास आदल्या दिवशी निरोप देण्याची विनंती केली तर तो सहसा नाकारीत नाही, त्याचीही मुले त्याच शाळेत असतात.

खेळातून मात्र या मुलास वगळू नये. खो-खोचा डाव असेल त्या दिवशी, डॉक्टरांनी तसे सांगितले असल्यास, दहा-पंधरा मिनिटे आधी आरामाचा पंप घेऊन त्याने सावकाश अंग गरम करावे आणि इतरांबरोबर धावावे. सहलीस वणीच्या गडावर जावयाचे असेल तर पंप व स्पेसर बसच्या सामानात न ठेवता पायऱ्या चढणाऱ्या शिक्षकाच्या खांद्यावरील पिशवीत असावा, आणि तो शिक्षक मुलांच्या रांगेत सर्वांत मागे चालणारा असावा.